काटेवाल्या अप्पांचा डबा

अक्काचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात वांगी निवडत होतो. "शिवा, हे गेले रे," ती म्हणाली. "जेवून दुकानातल्या खुर्चीत बसलते. मी ताक घेऊन गेले तर..." आणि लगेच, थोरल्या बहिणीच्या नेहमीच्या आवाजात, "घाटात सावकाश ये. वळणावर हॉर्न वाजव." मी फोन खिशात ठेवला आणि भाजीवाल्याला म्हणालो, "आधी काटा शून्यावर आण." बहिणीचं कुंकू पुसल्याची बातमी ऐकून कुणी असं बोलतं का? पण सारी हयात दाजींबरोबर बाजार हिंडलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं निघणार तरी काय! त्यानं काटा शून्यावर आणला, वांगी तोलली, मी पैसे दिले आणि पिशवी तिथंच विसरून निघालो. तेलगावपर्यंत डोळे कोरडे होते. धारूरचा घाट लागला आणि पहिल्याच वळणावर हॉर्न वाजवायला हात गेला, तेव्हा मात्र गाडी बाजूला घेऊन मी पोटभर रडलो.

वैजनाथअप्पा माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. धारूरच्या बाजारपेठेत त्यांचं बेताचं दुकान. उजव्या अंगाला बसून दाजी तराजू दुरुस्त करायचे, वजनं तपासून द्यायचे. डाव्या अंगाला अक्का डाळी आणि मिरची-मसाला विकायची. गाव त्यांना काटेवाले अप्पा म्हणायचं. त्यांच्या लग्नात मी बारा वर्षांचा होतो. आमच्याकडं कानपिळीची रीत आहे. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाची वस्तू मिळाल्याशिवाय सोडायचा नाही. माझी नजर मनगटी घड्याळावर होती. दाजींनी खिशातून काढलं ते पितळेचं अच्छेर, म्हणजे जुन्या अर्ध्या शेराचं वजन! बाजारात किलो येऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "जड हाय म्हणून घ्या, कामाचं हाय म्हणून नका घेऊ. आन् आता कान सोडा." मांडवातले सगळे हसले. ते वजन आईनं पुढं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी ठेवलं. माझी आणि दाजींची थट्टा सुरू झाली ती त्या दिवशी, आणि पन्नासच्या वर वर्षं चालली.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक झालो. त्या दिवसापासून दाजींनी माझं नाव टाकलं आणि मला मोजणीदार म्हणायला लागले. मेव्हण्याशी 'तुमी'नं बोलून चिमटा काढायची त्यांची पद्धत होती. "तुमी जमीन मोजता आन् भावाभावात भांडणं लागतात, मोजणीदार. आमी तोलतो आन् भांडणं मिटतात." मी म्हणायचो, "दाजी, तुमच्या तराजूवरनं भर बाजारात एकमेकींच्या झिंज्या उपटताना बायका पाहिल्यात मी." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "ते तराजूवरनं न्हाई, तोलणारीवरनं." सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर आठवडी बाजारांना जायचो. एका हातात अवजारांची पेटी, खांद्यावर वजनांची झोळी, कपाळाला भस्माची बोटं, भेटेल त्याला 'शरणार्थ' असा नमस्कार. ओवा, जिरं, मोहरी विकणाऱ्या बायांकडं लहान वजनं नसायची. त्या नाण्यांनीच तोलायच्या. ढब्बू पैशाची मोहरी, भोकाच्या पैशाचा ओवा, निजामाच्या वेळच्या हाली पैशाची हळद. कुठलं नाणं कशाच्या भारोभार ते आईकडून लेकीकडं चालत आलेलं. दाजी त्यांना शिक्क्याची खरी वजनं द्यायचे आणि बदल्यात ती नाणी घेऊन यायचे. "खोटं वजन म्हणून जप्त करता का?" मी विचारलं होतं. "खोटं कावून? झिजलंय बिचारं. राबून राबून झिजलं त्याला खोटं म्हणू नये," ते म्हणाले. अशी राबून झिजलेली नाणी दुकानातल्या एका खणात भरत गेली. विकायची नाहीत, मांडून दाखवायची नाहीत, नुसती असू द्यायची.

मग आकडे दाखवणारे काटे आले आणि दाजींचं काम बसलं. दुकान ते रोज उघडायचे, पण गिऱ्हाईक यायचं ते अक्काच्या अंगाला. हा माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. त्यांची लेक रोहिणी बंगळूरला नोकरी करते. तिनं दोघांना महिनाभर नेलं. तिथल्या एका बागेत तिनं बापाला नवा खेळ दाखवला. जगभर लोक छोटे डबे लपवून ठेवतात, त्यांची नेमकी जागा अक्षांश-रेखांशात इंटरनेटवर टाकतात, आणि दुसरे लोक मोबाईल हातात धरून ती शोधत येतात. डबा सापडला की आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बाकी काही नाही. इंग्रजीत त्याला जिओकॅश म्हणतात. दाजी सरळ डबा म्हणायचे. बाकामागं दडवलेली प्लास्टिकची डबी त्यांनीच शोधून काढली, उघडली आणि हिरमुसले. "एवढं उन्हात हिंडलो, आन् आत काय, तर वही आन् पेन्सिल! माणसाच्या हाताला काय तर काम पायजे का न्हाई?" परत आले ते डोक्यात डबा घेऊनच. घाटाच्या तोंडाशी त्यांच्या चुलतभावाचं शेत आहे. तिथं एक सागवानी पेटी, तिच्या पुढच्या अंगाला पितळेचा सराफी तराजू कायमचा बसवलेला. डाव्या पारड्याखाली दडवलेलं वजन, उजवं पारडं मोकळं. बाजूला कापडी पिशवीत जुनी नाणी: कमळाचे वीस पैसे, कंगोऱ्याचे दहा, चौकोनी पाच, तीन पैशाचं षटकोनी, भोकाचा पैसा, ढब्बू, हाली. मोकळ्या पारड्यात योग्य ती नाणी टाकली की तराजूचा काटा बरोबर जागी येणार, मग काट्यातल्या भोकातून खिट्टी आरपार जाणार आणि झाकण उघडणार. झाकणावर त्यांनी स्वतः कोरलं होतं: 'आधी बरोबर करा. मग माणसासारखं वागा.' दुसरं वाक्य मला उद्देशून आहे असं मी कितीतरी दिवस समजत होतो.

डबा आधी बांधावरच्या लिंबाखाली ठेवला. तिथं घाटातून वर येणारा वारा असा, की पारडी दिवसभर पाळण्यासारखी हलत राहायची. मग तो जुन्या विहिरीजवळच्या मोटारीच्या पडीक खोलीत गेला. जागा मोजून द्यायचं काम अर्थात माझ्याकडं. आयुष्यभर मोजणीची साखळी ओढलेला मी, एवढंसं काम ते काय! मोबाईलवर अंश-मिनिटं पाहिली, कागदावर लिहून रोहिणीला पाठवली. फक्त लिहिताना मिनिटांचा आकडा दशांश चिन्हापुढं तसाच ठेवून दिला. एवढ्याशा गफलतीनं डबा धारूरला आणि त्याचा पत्ता धाराशिव जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडात! हैदराबादचं एक तरुण जोडपं मोटारसायकलवर पहिलं आलं, ते त्या फडात दोन तास फिरलं. शेतकऱ्यानं आधी चोर म्हणून धरलं, मग हकिकत ऐकून जेवायला घातलं. संध्याकाळी ती दोघं विचारत विचारत दुकानात आली, कपड्यांना उसाची कुसळं. दाजींनी त्यांच्याशी दखनीत अशा गप्पा मारल्या, की जणू लेक-जावईच आले. आणि मला फोन. "मोजणीदार, शेत आमचं, डबा आमचा, आन् पाव्हणे तुमी दुसऱ्याच्या उसात घातले. नोकरीत असतानी किती जणांचे बांध असे हलवले हो?" माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात सगळे वरिष्ठ मिळून जेवढं बोलले नसतील तेवढं त्या एका चुकीवर दाजी पुढं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरीनं डबा अर्ध्या तासात उघडला. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं म्हणे. मी आणि दाजी बाहेर विहिरीच्या काठावर बसलो होतो. आतून तिची आरोळी आली आणि दाजींनी जागच्या जागी टाळी वाजवली. बाहेर आली तशी मी विचारलं, कसं उघडलं? ती तोंड उघडणार तोच दाजी आडवे आले. "इनको नक्को बोलना, बेटी. ये हमारे साले हैं." झालं. तेव्हापासून जो कुणी डबा उघडेल त्याच्याकडून, मोजणीदाराला सांगणार नाही, असं वचन घेतलं जायचं. फार लोक आले असं नाही. कधी महिन्यात एखादा, कधी पावसाळाभर कुणी नाही. पण येईल त्याला चहा, भाकरी, आणि अक्काच्या मसाल्याची पुडी.

राहिलो मी. दर रविवारी वडवणीहून धारूरला यायचं आणि डब्याशी झटायचं, हा माझा नेम झाला. घरच्या छोट्या काट्यावर तशीच नाणी आणून प्रत्येकाचं वजन टिपलं, कागदावर बेरजा केल्या, नातवाच्या वहीचा निम्मा भाग संपवला. तराजूचा काटा मी रेषेवर आणायचो, म्हणजे अगदी केसाचाही फरक नाही असा. आणि खिट्टी? ढिम्म! जरा म्हणून पुढं सरकायची नाही. दाजी दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत माझ्याकडं बघत असायचे. "दाजी, तुमच्या डब्यात खोट आहे." "डबा बरोबर हाय. तुमचं गणितबी बरोबर हाय." "मग?" "मग शेंगा खा." एकदा मी खरोखर चिडलो. म्हणालो, या वयात माझा पोरखेळ लावलाय तुम्ही, मी आता येणार नाही. ते शेंगा फोडत राहिले. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. पावसाचं निमित्त होतं, पण खरं कारण राग. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तर मोटारीच्या खोलीत माझ्यासाठी एक खुर्ची आणून ठेवलेली. "गुडघे दुखत्यात ना तुमचे," एवढंच म्हणाले.

दाजींना आमच्या रितीनं मातीत समाधी देऊन आलो, पाहुणे पांगले, आणि मग रोहिणीनं मला बाजूला घेतलं. "मामा, एक अडचण आहे. कुणीतरी डबा उघडून कळवलंय की वही भरली, नाव लिहायला जागा नाही. महिन्याभरात नवी वही ठेवली नाही तर डबा इंटरनेटवरच्या नकाशावरून काढून टाकतील. अप्पांनी उघडायचं कसं ते मला सांगितलंच नाही. ज्यांनी उघडलंय त्यांना विचारू का?" मी म्हणालो, थांब. का थांब म्हणालो, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. दाजींचा चुलतभाऊ म्हणाला, त्यात काय, पेचकस घाला आणि झाकण उचका. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दाजींच्या हातची वस्तू उचकायची? आणि दुसऱ्याला विचारून उघडायची, म्हणजे दाजी गेल्याचा फायदा घेऊन डाव मारायचा. डबा मीच उघडणार, हातानं आणि नाण्यांनी, असं मी ठरवलं. लागोपाठ तीन दिवस गेलो. काटा रेषेवर यायचा, खिट्टी जायची नाही. बाहेर शेंगा फोडण्याचा आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत बसून राहिलो आणि मला वाटलं, हा डबा नकाशावरून गेला की दाजी खरोखर गेले.

मी धारूरच्या घरी येऊन अक्काला सांगितलं, हरलो. ती तीन आठवड्यांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "मला ने." मोटारसायकलवर मागं बसून आली, पदर घट्ट खोवून. दाजींनी डबा शेतातच बसून घडवला होता, तिनं तो कधीच पाहिला नव्हता. रविवारी दुकान सोडून दोघांनी कसं जायचं, म्हणून तिचं राहूनच गेलेलं. आत आली, झाकणावरची अक्षरं बोट फिरवून वाचली आणि पिशवीतली नाणी ओच्यात ओतून घेतली. कागद नाही, बेरीज नाही. एकेक नाणं तळहातावर झेलायची आणि पारड्यात टाकायची, जशी रोज डाळ टाकते तशी. पाच मिनिटांत काटा रेषेवर.

"खिट्टी लावून बघ," मी म्हणालो. तिनं लावली. गेली नाही. "इथंच तर अडतंय, अक्का. मी शंभर वेळा इथवर आलोय."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा बारा वर्षांचा झालो. "आरं, नुसतं बरोबर तोलून कुणी देतं का गिऱ्हाईकाला?" असं म्हणून तिनं ओच्यातलं तीन पैशाचं हलकं नाणं उचललं आणि पारड्यात वरून टाकलं. बरोबर झाल्यावर चिमूटभर वर घालतात तसं, न बघता. पारडं जरासं खाली बसलं. काटा रेषेवरून तसूभर कलला. खिट्टी लोण्यात सुरी जावी तशी आरपार गेली. "काटा बरोबर करायचा तो आपल्या मनासाठी," अक्का म्हणाली. "पारडं गिऱ्हाईकाकडं झुकल्याबगर पुडी बांधायची न्हाई. लग्न होऊन आले तवा सासूबाईंनी ह्येच पयलं शिकवलं." मी आयुष्यभर बांध बरोबर रेषेवर लावले. वीतभरही कुणाकडं झुकू दिले नाहीत, आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या क्षणी मी मनापासून ओशाळलो.

आत शंभर पानी वही होती. खरंच भरलेली. पण पाहुण्यांनी भरली होती असं नाही. पाहुण्यांची नावं असतील चार-पाच पानं. बाकी सगळं दाजींच्या टपोऱ्या अक्षरात. 'मोजणीदार आले. अगदी बरोबर तोललं. गेले.' खाली पुन्हा, 'मोजणीदार आले. बरोबर तोललं. चिडले. गेले.' 'मोजणीदार आले. गुडघा दुखतोय म्हणाले. बरोबर तोललं.' पानामागून पान. मी मोटारसायकल चालू करेपर्यंत ते खोलीची कडी लावतो म्हणून मागं थांबायचे, ते यासाठी! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काही तोंडाला पदर लावून हसत होती, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग ती एका पानावर थांबली आणि वही माझ्याकडं दिली. मी रागानं गेलोच नव्हतो त्या रविवारचं पान होतं ते. 'मोजणीदार आले न्हाईत. दिवसभर वाट बघितली. सांगून टाकावं म्हणतो. पण सांगितलं, उघडलं, की मग ते कशाला येतील?'

दुकान रिकामं झालेल्या त्या माणसाला जगभरातून कुणी येवो न येवो, वडवणीहून एक माणूस यायला हवा होता. आणि मला वाटत होतं, मीच वेळ काढून म्हाताऱ्याचा हट्ट पुरवतोय... दाजी जिवंत असताना मला हे कळलं असतं तर मी रुसलो नसतो, आणि एकही रविवार चुकवला नसता. हे मी इथं लिहितोय ते अशासाठी, की ते त्यांना सांगायचं राहिलं.

नवी वही ठेवली, रोहिणीनं इंटरनेटवर तसं कळवलं, डबा नकाशावर राहिला. डब्याचं गुपित मी असं सरळ छापून टाकतोय म्हणून कुणी रागावू नये; अक्काची परवानगी घेतली आहे. "लिही की खुशाल," ती म्हणाली. "मी आतलं वजन बदललंय. आन् उघडायची रीतबी." दाजींच्या पेटीतली अवजारं घेऊन, चुलतभावाला हाताशी धरून, तिनं दोन दिवसांत तराजूत काय केलं ते तिचं तिलाच ठाऊक. नंतर आलेल्या लातूरच्या दोन मास्तरांनी तो उघडलासुद्धा, आणि माझ्याकडं बघत हसत निघून गेले.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. काटा रेषेवर आणला, मग वर तीन पैसे टाकले, मग पाच टाकले, मग एक काढून पाहिलं, मग दोन्ही पारडी हातानं धरून पाहिली. खिट्टी ढिम्म. अक्का दारात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

"जमलं का रे?"

"नाही."

"घाई न्हाई," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी ये. भाकरी टाकून ठेवते."